इंग्रजी पहिलीचा उंबरठा

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एकाच्या नावापुढे बाजार लागला, दुसऱ्याच्या नावापुढे रेल्वे. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला आणि वाटेतल्या या गावाच्या नावाला एक इंग्रजी शब्द कायमचा चिकटला. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना इंग्रजीचे एक अक्षर वाचता येत नव्हते. पण आपल्या गावाचे नाव सांगताना ते रोज एक इंग्रजी शब्द बिनचूक बोलत होते. वऱ्हाडी माणसाचे आणि इंग्रजीचे नाते हे असे आहे. ती भाषा त्याच्या कानावर पडली होती, जिभेवर रुळली होती. डोळ्यांपुढे मात्र ती परकीच राहिली.

याच चांदूर रेल्वेला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पापळ गावचा एक मुलगा शिकायला आला. गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून घर सोडावे लागले. पुढे हा मुलगा ऑक्सफर्डपर्यंत गेला, बॅरिस्टर झाला, देशाची घटना घडवणाऱ्या सभेत बसला आणि दहा वर्षे दिल्लीत शेती खात्याचा कारभार पाहत राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख हे त्यांचे नाव. वऱ्हाडाला ते भाऊसाहेब म्हणून माहीत आहेत. त्यांच्या नावाच्या संस्था आपण मोजतो, पुतळ्यांना हार घालतो, २७ डिसेंबरला भाषणे करतो. परंतु या मोठ्या आयुष्याच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. ती गोष्ट म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने इंग्रजी पहिलीचा उंबरठा ओलांडणे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे. पापळ हे आजच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले काळ्या मातीचे गाव. त्या काळच्या वऱ्हाडात कापूस हेच पीक आणि कापूस हेच नशीब होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साता समुद्रांपलीकडच्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव कोसळले. पण कापसाच्या मागोमाग आलेली सगळी यंत्रणा इथेच राहिली. रेल्वे राहिली, जिनिंग राहिले, दलाल आणि सावकार राहिले. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही राहिले.

हे शब्द जरा कान देऊन ऐकण्यासारखे आहेत. कॉटन, जिनिंग, मार्केट, तिकीट, रेल्वे, पेपर, डॉक्टर, मास्तर. आणि मग दुसरी यादी: नोटीस, समन्स, वॉरंट, प्लीडर, डिक्री. पहिली यादी कमाईची, दुसरी बुडण्याची. कोर्टाचा कागद मराठीत लिहिलेला असला तरी त्यातला जीव घेणारा शब्द इंग्रजी असे. सावकाराने डिक्री आणली, एवढे ऐकले की घरात चूल पेटत नसे. त्या शब्दाचा अर्थ कुणब्याला कोशातून शिकावा लागला नाही. तो त्याने जप्तीत गेलेल्या बैलांकडे पाहून शिकला. पण कागदावर तो शब्द नेमका कुठे आहे, त्याच्या पुढे आकडा काय लिहिला आहे, हे त्याला कळत नव्हते. त्याने फक्त अंगठा उठवायचा होता.

गंमत अशी, की वर दिलेल्या दोन्ही याद्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द दोन तुकड्यांत बोलला जाणारा आहे. कॉ-टन, मार्-केट, सम्-न्स, डि-क्री. इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलाची खरी परीक्षा याच शब्दांपाशी होते.

उंबरठ्यावरची अडचण

त्या वेळची शिक्षणाची वाट अशी होती, की खेड्यात मराठी शाळेचे काही वर्ग असत. मराठी चौथी झाली, की इंग्रजी पहिली. ती शिकायला मोठ्या गावी जावे लागे. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जात. म्हणजे गणित चांगले येणारा मुलगाही इंग्रजी वाचता आले नाही तर गणितात मागे पडे. इंग्रजी हा एक विषय नव्हता. सगळ्या विषयांच्या दाराला लावलेले ते कुलूप होते. शहरातल्या वकिलाच्या, कारकुनाच्या मुलाला या कुलपाची किल्ली घरात मिळे. वडील संध्याकाळी वर्तमानपत्र उघडत, मोठा भाऊ तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करीत बसलेला असे. खेड्यातून आलेल्या पोराला मात्र हे सारे त्या वर्गातल्या मास्तरांकडूनच मिळवावे लागे. घरी विचारावे असे कोणी नव्हते.

अडचण बुद्धीची नव्हती, लिपीची होती. देवनागरी वाचणारे मूल एका अक्षराला एक आवाज या सरळ व्यवहाराला सरावलेले असते. क म्हणजे क. इंग्रजीत हा व्यवहार मोडतो. सर्कस हा शब्द लिहिताना सी हे अक्षर दोनदा येते. पहिल्यांदा त्याचा स होतो, दुसऱ्यांदा क. एकेका तुकड्याच्या लहान शब्दांपर्यंत मूल कसेबसे पाठांतरावर निभावते. सी-ए-टी कॅट असे घोकत वर्ग डोलत राहतो. शब्दाला दुसरा तुकडा जोडला गेला, की मात्र पाठांतर थकते. शब्द कुठे तोडायचा हेच कळत नाही.

खरे तर तोडण्याला रीत आहे आणि ती मुलाला सांगता येते. कॉटनमध्ये टी दोनदा लिहितात पण एकदाच बोलतात. शब्द त्या दोन टींच्या मधोमध तोडायचा. मार्केटमध्ये आर आणि के शेजारी आले, तर त्यांच्या मधून तोडायचा. पेपरमध्ये मधे एकच पी आहे, तेव्हा तो पुढच्या तुकड्याला द्यायचा आणि पहिला तुकडा लांब उच्चारायचा: पे-पर. मधले अक्षर एकदा आहे की दोनदा, यावर अर्थ बदलतो. एन एकदा लिहिला तर डायनर, म्हणजे जेवणारा. दोनदा लिहिला तर डिनर, म्हणजे जेवण. या नियमांना अपवाद पुष्कळ आहेत. पण नियम मुळीच माहीत नसणाऱ्यापेक्षा अपवादाला अडखळणारा मुलगा कितीतरी पुढे असतो.

तिसरी गोष्ट जोराची. मराठीत आपण शब्दाचे सगळे तुकडे साधारण सारख्याच वजनाने बोलतो. इंग्रजीत दोनांपैकी एका तुकड्यावर जोर पडतो आणि दुसरा दबतो. कॉटनच्या दुसऱ्या तुकड्यात ओ लिहिलेला असूनही तो नीट ऐकू येत नाही, तो यामुळे. कधी कधी तर जोरावरच अर्थ ठरतो. ऑब्जेक्ट या शब्दात पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर वस्तू, दुसऱ्यावर दिला तर हरकत घेणे. लिहायचे अक्षर तेच. पण वाचणाऱ्याला अर्थ कळला आहे की नाही, हे त्याच्या जोरावरून समजते. म्हणजे वाचणे आणि समजणे या दोन गोष्टी इथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आणि इथेच वऱ्हाडी मुलाजवळ एक भांडवल होते, जे कोणी वापरले नाही. पुस्तकातले परदेशी फुलांपाखरांचे शब्द त्याला अनोळखी होते. पण कॉटन आणि मार्केट तो आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आला होता. ज्याचा आवाज आणि अर्थ दोन्ही आधीच ठाऊक आहेत, तो शब्द कागदावर ओळखणे सर्वांत सोपे. बापाच्या तोंडचे शब्द घेऊन पोराला वाचायला शिकवले असते तर कितीजण तो उंबरठा ओलांडून गेले असते! तसे झाले नाही. पुष्कळ मुले इंग्रजी पहिली-दुसरीतच गळाली आणि पुन्हा वखरामागे गेली. त्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबराव गळाले नाहीत. चांदूर रेल्वेनंतर ते कारंजा लाडला शिकले. या कारंज्याचीही एक ओळख आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये याच गावात सुरू झाला आणि पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. वजनमापात आणि भावात शेतकरी नागवला जाऊ नये, म्हणून नियम करावे लागले. परंतु नियम छापलेला असतो आणि छापलेले वाचता यावे लागते. कापसाच्या गाड्यांची रांग आणि शाळेचे दप्तर ही दोन्ही ज्या गावात एकाच रस्त्याने जात, तिथे त्यांचे शिक्षण झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारंज्याहून ते अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात आले, तिथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२० मध्ये पदवी पुरी होण्याआधीच त्यांनी विलायतेची वाट धरली. शेतीच्या उत्पन्नावर विलायतेचा खर्च पेलणे म्हणजे काय, हे ज्याने एक हंगाम बुडालेला पाहिला आहे त्याला सांगायला नको. शामरावांनी तो भार उचलला. मुलाने एडिंबरा आणि ऑक्सफर्ड इथे अभ्यास केला, बॅरिस्टरची परीक्षा दिली आणि डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. हा ग्रंथ १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. ज्या वेदांच्या अध्ययनापासून बहुजन समाजाला शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांच्यावर पापळच्या कुणब्याच्या मुलाने इंग्रजीतून प्रबंध लिहावा, यातला काव्यगत न्याय वेगळा सांगण्याची गरज नाही. एक कुलूप उघडल्यावर त्याने दुसरेही उघडले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हटली पाहिजे. पंजाबरावांच्या घरी निदान जमीन होती आणि मुलाला शिकवण्याची जिद्द असलेला बाप होता. त्याच पापळच्या शेतमजुराच्या, महारवाड्यातल्या मुलाला यातले काहीच नव्हते. तेवढीच बुद्धी असूनही तो चांदूरच्या शाळेपर्यंत पोचू शकला नसता. परत आलेल्या तरुण बॅरिस्टरने हे ओळखले होते. त्याच्या पुढच्या आयुष्यातली कामे पाहिली म्हणजे याविषयी शंका उरत नाही.

परतीची वाट

विलायतेहून येऊन अमरावतीत वकिली सुरू केल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते वसतिगृहाचे. स्वामी श्रद्धानंदांचे नाव दिलेल्या या छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. त्या काळात हे धाडस होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. खेड्यातल्या मुलाला संध्याकाळी धडा विचारायला घरी कोणी नसते, ही उणीव वसतिगृहाने भरून निघते. खोलीतला वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्या मुलाचा मोठा भाऊ होतो. कंदिलाभोवती चार डोकी जमतात आणि एकाला अडलेला शब्द दुसरा फोडून देतो. शहरी घरांत जे वडिलोपार्जित मिळे, ते खेड्यातल्या मुलांना अशा छपराखाली मिळू शकत होते.

१९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तीत पंजाबराव होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाईही पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रसार, ही त्या कारकिर्दीची ओळख. शिक्षणासाठी कर वाढवण्याचा अप्रिय निर्णयही त्यांनी घेतला. मते मागणाऱ्या माणसाने कर वाढवावा, हे आजच्या पुढाऱ्यांना खुळेपणाचे वाटेल.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे सावकारी कर्ज लवादाने कमी व्हावे, यासाठी त्यांनी केलेली खटपट वऱ्हाड विसरलेला नाही. डिक्री या शब्दाची धार बोथट करण्याचाच तो प्रयत्न होता. वकील म्हणून त्यांना तो शब्द कायद्यातून माहीत होता, शेतकऱ्याचा मुलगा म्हणून घराघरांतून.

याच काळात श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज विदर्भात तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे आहे. अमरावतीचे आणि अकोल्याचे शिवाजी महाविद्यालय ही त्यातली ठळक नावे. हायस्कूल तालुक्याच्या, मोठ्या खेड्याच्या गावी न्यावे, म्हणजे मुलाला घर सोडून चार कोस जावे लागणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. जी पायपीट स्वतःला करावी लागली ती पुढच्यांना करावी लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण याच साध्या हिशेबाने वऱ्हाडातल्या हजारो घरांत पहिला मॅट्रिक, पहिला पदवीधर, पहिला मास्तर निर्माण झाला. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही गावात जुन्या माणसांना विचारावे. शिवाजीत शिकलो, हे सांगताना आवाजात वेगळाच भाव येतो.

शब्दांची सभा

नंतर घटना परिषद आली. तिथले बहुतेक कामकाज इंग्रजीत चाले. मसुद्यातल्या कलमांवर पंजाबरावांनी अनेक दुरुस्त्या सुचवल्या. नागरिकत्वाची व्याख्या फार सैल आहे, असा आक्षेप त्यांनी घेतला; मागासलेल्या वर्गांना राज्यकारभारात वाटा मिळाला पाहिजे, हा आग्रह धरला. साऱ्याच दुरुस्त्या मान्य झाल्या नाहीत. पण दुरुस्ती मांडणे म्हणजे काय असते? इथला एक शब्द काढा, तिथे दुसरा घाला, या शब्दाचा अर्थ उद्या कोर्टात असा होईल, हे सांगणे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या न वाचता अंगठे उठवले, त्याचा एक मुलगा देशाच्या सर्वांत मोठ्या दस्तऐवजातला शब्द न्‌ शब्द वाचून त्यावर हरकत घेत होता. ऑब्जेक्ट या शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावरचा जोर तो हाच!

१९५२ पासून तीन वेळा अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ ते १९६२ या दशकात केंद्रात त्यांनी शेतीचे काम पाहिले. भातशेतीची जपानी पद्धत देशभर नेण्याची मोहीम, १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना आणि १९५९-६० च्या हिवाळ्यात दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन, ही त्या वर्षांची ठळक कामे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. शेतीतले नवे ज्ञान साध्या शेतकऱ्याला डोळ्यांनी पाहता यावे, ही त्यामागची दृष्टी. शाळा आणि शेत या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी वेगळ्या नव्हत्या, हे यावरूनही कळते.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्याला कृषी विद्यापीठ सुरू झाले. त्याला त्यांचे नाव आहे. अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. अकोल्याच्या विद्यापीठाच्या वाटेने जाताना मनात येते, की इथे कापसाच्या नव्या वाणांवर संशोधन होते, त्याचे निबंध इंग्रजीत लिहिले जातात. कॉटन हा शब्द आता वऱ्हाडी माणूस नुसता बोलत नाही, तो लिहितो आणि जगाला वाचायला लावतो. पापळच्या मुलाने ओलांडलेल्या उंबरठ्याचे हे फळ आहे.

मग उंबरठा संपला का? हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय भाऊसाहेबांचे स्मरण पुरे होत नाही. जून २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. पाचवीतली इंग्रजी पहिलीवर आली. मुलाला आता घर सोडावे लागत नाही. पुस्तक फुकट मिळते. तरीही वर्गात जाऊन पाहावे. मूल धडा खडाखडा म्हणते; बोट मधल्याच एका शब्दावर ठेवून हा काय, असे विचारले की गप्प होते. त्याने धडा वाचलेला नसतो, ऐकून पाठ केलेला असतो. ते आजही भाषेच्या कानापाशीच उभे आहे. डोळ्यापर्यंत ती पोचलेली नाही. आणि बापाच्या हातात अजून कागद येतातच: बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना, विम्याचा फॉर्म, बँकेची नोटीस. विषाच्या बाटलीवरचा शब्द वाचता न येणे किती महाग पडते, हे कापसाच्या मुलखात कोणी कोणाला सांगायचे?

यासाठी नवी संस्था नको, नवे अनुदान नको. मास्तरांनी फळ्यावर कॉटन लिहावे, मधोमध एक रेघ ओढावी आणि वर्गाला दोन टाळ्या वाजवायला लावाव्यात. पहिली टाळी जोराची, दुसरी हलकी. मग मार्केट, मग पेपर, मग डॉक्टर. घरून ऐकलेला एकेक शब्द मुलांनीच आणावा आणि फळ्यावर त्याचे दोन तुकडे करावेत. आठवड्यात दहा शब्द झाले तरी वर्षाकाठी तीनचारशे होतात, आणि एवढी पुंजी जवळ असलेले मूल नवा शब्द पाहून घाबरत नाही.

चांदूर रेल्वेच्या फलाटावर गावाचे नाव पिवळ्या पाटीवर आजही लिहिलेले आहे, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. गाडीची वाट पाहणाऱ्या बापाचे बोट धरून उभे असलेले एखादे मूल त्या पाटीवरचा शब्द तुकड्यातुकड्याने लावून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचते आणि बापाकडे वर पाहते. शंभर वर्षांपूर्वी याच गावातून एक मुलगा असाच पुढे गेला होता.